एका मिलिमीटरचं भांडण

माझ्या सासऱ्यांचं एका माणसाशी बारा वर्षं बोलणं बंद होतं, आणि त्याला कारण होतं एक मिलिमीटर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भांडणाला पाच वर्षं होऊन गेली होती, म्हणजे ते छान मुरलेलं होतं. घरातल्या जड कपाटासारखं ते एका जागी उभं असायचं. कुणी त्याला हलवायचं नाही, फक्त अधूनमधून धूळ झटकायची.

सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. बाबांनी उभी हयात छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. पंचेचाळिसाव्या वर्षी छापखान्यात संगणक आले, तेव्हा बाकीचे धास्तावले आणि यांनी पुस्तक आणून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. त्यातून त्यांनी एक छोटंसं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव बुकटॅग. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कण्यावर नंबराची पट्टी चिकटवलेली असते ना, ती पट्टी छापायची, एवढंच त्याचं काम. ते त्यांनी कुणालाही फुकट वापरायला खुलं ठेवलं होतं आणि कुठल्या कुठल्या गावांतली ग्रंथालयं ते वापरायची.

ते वापरणाऱ्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांनी एकदा बुकटॅगमधली चूक दुरुस्त करून पाठवली. मग दुसरी पाठवली. मग दोघं मिळून ते सांभाळायला लागले. नऊ वर्षं हे चाललं. रोज मेल, आणि दर गुरुवारी संध्याकाळी बसस्टॉपसमोरच्या कॅफेत भेट. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "माझ्याशी बोलले नसतील तेवढं ते त्या सरांशी बोलले."

आणि मग सरांनी पट्टीचा समास दोनाचा तीन मिलिमीटर केला.

यापुढची कथा बाबांच्या तोंडून मी किमान तीस वेळा ऐकली असेन. जेवताना ताटात काहीतरी कमी-जास्त झालं, की ती निघायची. "समास वाढवला की बारीक पुस्तकांच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा कापला जातो. मी त्याला लिहिलं. अगदी सौम्य शब्दांत, चार ओळी. आणि त्या गृहस्थाने उत्तरसुद्धा दिलं नाही. नऊ वर्षांची मैत्री, आणि एका ओळीचं उत्तर नाही." इथे बाबा पाण्याचा घोट घ्यायचे. "मी तर काही मनात ठेवलेलं नाही."

यावर आई पोळीला तूप लावल्यासारखा चेहरा करायच्या, म्हणजे अगदी गुळगुळीत.

आता माझं काम सांगते. मी जिथे नोकरी करते तिथे बुकटॅगसारख्या हजारो सॉफ्टवेअरचा संग्रह सांभाळला जातो. तिथे त्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजचं एक पान असतं. ते कोण सांभाळतं, कितवी आवृत्ती आहे, किती तक्रारी पडून आहेत आणि कुठल्या तारखेला काय घडलं, हे सगळं त्या पानावर ओळीओळीने लिहिलेलं. या सगळ्या पानांना मिळून आम्ही ट्रॅकर म्हणतो. प्रत्येक पॅकेजला स्वतःचा मेलचा पत्ताही असतो. त्या पत्त्यावर जे लिहाल ते त्या पॅकेजशी जोडलेल्या लोकांना जातं आणि शिवाय कायमचं एका भांडारात जमा होतं, जगात कुणालाही वाचता येईल असं.

अडचण अशी होती की पान एकीकडे आणि भांडार दुसरीकडे. पानावर नुसती ओळ दिसायची, "अमुक तारखेला समासाबद्दल चर्चा". चर्चा काय झाली ते बघायचं तर भांडारात उतरून महिन्यामहिन्याचे ढीग उपसायचे. ते कोण करतंय? म्हणून ठरलं की प्रत्येक ओळीला तिच्या मेलची लिंक द्यायची. ओळीवर क्लिक केलं की वीस वर्षांपूर्वीचा का असेना, तो मेल समोर. आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं.

रविवारी सकाळी मी हे घरी सांगितलं. बाबा कुंडीतली माती उकरत होते. त्यांचे हात तिथेच थांबले.

"म्हणजे माझा तो मेल लोकांना दिसणार?"

"दिसायचा तसा आत्ताही दिसतो, बाबा. पण आता एका क्लिकवर दिसेल."

"उत्तम!" बाबा मातीच्या हातांनीच उभे राहिले. "अगदी उत्तम काम. जगाला कळू दे कोण कसं वागलं ते. सूनबाई, एक कर. सुरुवात बुकटॅगपासून कर."

मला "सूनबाई" म्हणतात तेव्हा बाबा फार खुशीत असतात, नाहीतर त्यांना माझ्या फोनचा चार्जर हवा असतो.

बुकटॅग जुनं आणि आटोपशीर पॅकेज होतं, चाचणीला सोयीचं. तेव्हा मी खरोखरच तिथून सुरुवात केली. प्रत्येक मेलला जन्मतःच एक क्रमांक मिळतो, जगात दुसऱ्या कुठल्याही मेलला नसलेला. पानावरच्या ओळीत तो क्रमांक असला की जोडणी सोपी. बुधवारी दुपारपर्यंत बुकटॅगच्या सगळ्या ओळी जोडून झाल्या, आणि नीट जोडल्या गेल्यात का ते बघायला मी समासाच्या चर्चेवर क्लिक केलं.

त्या सौम्य मेलचा विषय होता, "समासाच्या नावाखाली चाललेला अन्याय".

ओळी चार नव्हत्या. मी मोजल्या. एकसष्ट होत्या.

"सर, आपण संख्याशास्त्र शिकवता," अशी सुरुवात होती. "तीन ही संख्या दोनपेक्षा मोठी असते हे आपणांस ठाऊक असेलच." मग बारीक पुस्तकांच्या बाजूने एक लांबलचक परिच्छेद, त्यात "बारीक पुस्तकांनाही अब्रू असते" हे वाक्य दोनदा. मग, "ज्याने आयुष्यात फक्त खडू हाताळला, त्याने कागदाविषयी बोलू नये." शेवटी "आपला स्नेहांकित", आणि त्यातला "स्नेहांकित" बहुधा सवयीने आलेला.

ऑफिसात मी एवढी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

शनिवारी जेवणं झाल्यावर आईंनीच विषय काढला. "लागली का गं ह्यांची लिंक?"

"लागली, आई."

"मग दाखव की. मी सौम्य शब्द कधी पाहिले नाहीत ह्यांचे. बघू तरी कसे दिसतात."

बाबा म्हणाले, "आत्ता कशाला? चष्मा नाहीये तुझा." चष्मा आईंच्या डोळ्यांवरच होता. मी फोनवर पान उघडून दिलं. आईंनी घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. तिसऱ्या वाक्याला बाबा झाडांना पाणी घालायला उठले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं. खडूच्या वाक्यापाशी आई पोचल्या तेव्हा बाल्कनीतून खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं होतं आणि खालचे आजोबा "अहो, पुरे!" म्हणून ओरडत होते.

"त्या काळी," बाबा ओल्या पायांनी आत येत म्हणाले, "माझी शैलीच तशी होती."

"आणि चार ओळी?" मी विचारलं.

"छापखान्याच्या मोठ्या कागदावर चारच झाल्या असत्या."

सोमवारी मी ऑफिसला निघताना त्यांनी मला दारात गाठलं. "तेवढी एक लिंक राहू दे. बाकीच्या लाव. हजारो ओळींत एक सुटली तर कुणाला कळणार आहे?"

"बाबा, तसं नाही करता येत. नियम सगळ्यांना सारखा."

"सासऱ्यांनासुद्धा?"

"सासऱ्यांसाठी वेगळा रकाना नाहीये ट्रॅकरमध्ये."

बाबांनी मान डोलावली आणि मला वाटलं विषय संपला. अकरा वाजता ट्रॅकरच्या अधिकृत पत्त्यावर एक मेल येऊन पडला. "माननीय व्यवस्थापक, एका ज्येष्ठ निर्मात्याच्या विनंतीवरून बुकटॅगच्या पानावरील एक लिंक काढून टाकण्यात यावी. कारण वैयक्तिक आहे." खाली बाबांची सही. आमचे नियम असे की त्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेलसुद्धा भांडारात जमा होतो. तेव्हा मी उत्तर लिहिलं, "माननीय निर्माते, आपली विनंती मिळाली. ती नाकारण्यात येत आहे. तसेच ही विनंतीही आता बुकटॅगच्या पानावर लिंकसह दिसत आहे, याची नोंद घ्यावी."

संध्याकाळी घरी गेले तर बाबा आईंना सांगत होते, "पोरगी कामाची आहे हां. अजिबात ऐकत नाही."

पुढचे तीन आठवडे मी बाकीच्या पॅकेजेसमध्ये बुडाले होते. सोप्या जोडण्या संपल्या आणि बेवारस मेल उरले. म्हणजे असे मेल, की जे कुणाला तरी उत्तर म्हणून लिहिलेले दिसतात, पण कुणाला ते कळत नाही. मूळ मेलचा क्रमांक त्यांत नसतो. लोक "उत्तर द्या" हे बटण न दाबता नवा मेल उघडून लिहायला बसतात, त्याने असं होतं. त्यांच्यासाठी मी एक युक्ती केली होती. उत्तर लिहिताना माणूस समोरच्याची वाक्यं वर उतरवून घेतो आणि खाली आपलं म्हणणं मांडतो. तेव्हा माझा प्रोग्रॅम प्रत्येक बेवारस मेलमधली उतरवलेली वाक्यं घेऊन भांडारभर हिंडायचा आणि ती मुळात कुणी लिहिली ते शोधायचा. सापडलं की मला विचारायचा, हा ह्याचा दिसतोय, जोडू का?

गुरुवारी सकाळी त्याने मला विचारलं की कुकटॅगच्या पानावरचा एक मेल बुकटॅगच्या एका मेलचं उत्तर दिसतोय, जोडू का?

मला वाटलं, प्रोग्रॅम चुकला. कुकटॅग हे पाककृती साठवायचं पॅकेज. त्याचा आणि पुस्तकांच्या पट्टीचा काय संबंध? जुळलेलं वाक्य कुठलं ते बघायला मी मेल उघडला. वाक्य होतं, "बारीक पुस्तकांनाही अब्रू असते."

मी खुर्ची पुढे ओढली.

मेल सरांचा होता, बाबांच्या मेलनंतर दुसऱ्याच दिवशीचा. सरांनी रागाच्या भरात, बहुधा कॉलेजातल्या संगणकावर, नवा मेल उघडून पत्ता हाताने टाइप केला होता. कीबोर्डवर बी आणि सी यांच्यामध्ये एकच अक्षर बसलेलं असतं. बुकटॅगचं कुकटॅग झालं, आणि उत्तर सुखरूप भलत्याच घरी जाऊन पडलं.

उत्तरात सात मुद्दे होते, आकडे घालून. "१. तीन ही संख्या दोनपेक्षा मोठी असते हे मला मान्य आहे. आपल्याला संख्याशास्त्रातलं एवढंच येतं, हेही मान्य आहे. २. आपल्याइतका हट्टी माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मी परीक्षा विभागात काम केलेलं आहे. ३. आमच्या ग्रंथालयातला प्रिंटर कागदाची डावी कड खातो, म्हणून समास वाढवला. येऊन प्रिंटर बघा, असं आपल्याला चार वेळा सांगितलं. आपण यंत्रं दुरुस्त करता म्हणे." असं करत करत सातवा मुद्दा, "यातलं काही मान्य नसेल तर गुरुवारी नेहमीच्या ठिकाणी या आणि तोंडावर सांगा."

त्याच्याखाली आणखी एक मेल होता. कुकटॅग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी सरांना उत्तर दिलं होतं. पण तेही फक्त पॅकेजच्या पत्त्यावर, त्यामुळे ते सरांना पोचलंच नसणार.

"आदरणीय सर," त्यांनी लिहिलं होतं, "आपलं पत्र दोनदा वाचलं. मुद्दा दोन मला पूर्ण मान्य आहे, माझी बहीणही हेच म्हणते. पुस्तकं आणि प्रिंटरबद्दल मात्र माझा थोडा गोंधळ होतो आहे, कारण माझं पॅकेज पाककृती साठवतं. तरीही आपण एवढ्या तळमळीने लिहिलंत, म्हणून साहित्याच्या यादीचा समास मी आजच तीन मिलिमीटर केला आहे. गुरुवारी यायला जमेलसं वाटत नाही, मी फार लांब राहतो. राग नसावा."

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं आणि "जोडा" हे बटण दाबलं.

घरी हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. उत्तर मिळालं नाही म्हणून बाबा बारा वर्षं रुसले होते. आता मिळालं होतं, पण हे असं. सात मुद्दे, सातही झोंबणारे. मी आधी आईंना स्वयंपाकघरात गाठून फोन दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कुकटॅगवाल्या गृहस्थांचंसुद्धा, आणि डोळ्यांना पदर लावला. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

"दाखव त्यांना," त्या म्हणाल्या.

"वाईट वाटेल, आई. फार टोचून लिहिलंय."

"दाखव गं. मी ओळखते त्यांना."

बाबा बाहेरच्या खोलीत टेबलफॅन उघडून बसले होते. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि कुठून कुठे काय गेलं ते सांगितलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी आणि आई दारात उभ्या. पहिल्या मुद्द्याला त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला त्यांनी "हं" केलं. तिसऱ्याला ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल असं वाटलं. सगळं वाचून झालं, आणि त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली.

मग ते वळले. चेहरा असा उजळलेला, की मी लग्नानंतर सात वर्षांत तो तसा पाहिला नव्हता.

"उत्तर दिलं होतं त्याने!"

"हो, बाबा."

"अगं सात मुद्दे! आकडे घालून! दोन तास तरी लागले असतील त्याला. हा बघ, पाचवा बघ, कसला खवचट लिहिलाय!" त्यांनी पाचवा मुद्दा मला मोठ्याने वाचून दाखवला, स्वतःचं कौतुक वाचावं तसा. "वा! याला म्हणतात उत्तर."

आई म्हणाल्या, "शिव्या खाऊन एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

"तुला नाही कळायचं." बाबांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. काच स्वच्छच होती. "मला वाटलं होतं, त्याला चार शब्द लिहावेसेसुद्धा वाटले नाहीत. भांडायच्याही लायकीचा नाही मी, असं वाटलं होतं." मग चष्मा परत लावत, "त्या गुरुवारी तो येऊन बसला असेल. एकटाच."

आईंनी पुढे होऊन टेबलफॅनचे सुटे स्क्रू एका वाटीत गोळा केले.

"पण तिसरा मुद्दा साफ खोटा आहे!" बाबा एकदम ताठ झाले. "चार वेळा नाही, तीनदा बोलावलं त्याने. लॅपटॉप इकडे सरकव."

"सरांचा आत्ताचा पत्ता शोधायला लागेल," मी म्हटलं. "कॉलेज सोडलं असेल त्यांनी."

"रिटायर झालाय. पत्ता मला माहितीये. आता तो ते आलेख काढायचं पॅकेज सांभाळतो. गेल्या मंगळवारीच नवी आवृत्ती काढलीये." बाबा टाइप करायला लागले होते. "एक चूक आहे तिच्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज सकाळी ट्रॅकर बघतो मी."

"मी तर काही मनात ठेवलेलं नाही," आई बाबांच्या आवाजात म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाबांनी यावेळी "उत्तर द्या" हेच बटण दाबलं आणि बुकटॅगच्या पत्त्याबरोबर सरांचा आत्ताचा पत्ताही घातला, मी स्वतः खात्री केली. बारा वर्षांपूर्वीच्या मेलला त्यांनी मुद्देसूद उत्तर लिहिलं, सातच्या सात. चहा दोनदा गार झाला. शेवटी एक ओळ जोडली, "आपला मेल आज मिळाला. टपाल खात्याची माणसं आमच्या घरातच आहेत, त्यामुळे उशीर झाला." हे अर्थातच मला उद्देशून होतं.

सरांचं उत्तर अकरा मिनिटांत आलं. बाबांनी ते आम्हाला वाचू दिलं नाही, पण लिंक लावायची जबाबदारी माझी असल्यामुळे मी ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाचलं. सरांनी लिहिलं होतं की आजवर ते असं समजून होते की त्यांच्या सात मुद्द्यांपुढे बाबा निरुत्तर झाले, म्हणून गप्प बसले. "मी बारा वर्षं जिंकलेला होतो," त्यांनी लिहिलं होतं. "त्या जिंकण्यात काही मजा नव्हती. आणि हो, बोलावलं चारच वेळा होतं. तारखा देऊ शकतो."

दुपारी मेलांच्या त्याच साखळीत तिसरं उत्तर आलं, लांबून. कुकटॅगवाले गृहस्थ होते. "माझ्या पॅकेजच्या पानावर एक नवी लिंक दिसली म्हणून उघडली. म्हणजे ते पत्र मला नव्हतं तर! फार बरं वाटलं. दर आवृत्तीच्या वेळी मी समास नीट मोजत आलो आहे. आता दोन केला तर चालेल का?"

बाबांनी त्यांना लिहिलं, "अवश्य करा." सरांनी लिहिलं, "मुळीच करू नका."

रविवारी सर घरी आले. उंच, वाकलेले, हातात एक जुना प्रिंटर. कॉलेजने मोडीत काढलेला तोच प्रिंटर त्यांनी मागून आणून घरी ठेवला होता. दारात दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं आता गळ्यात पडतील. बाबा म्हणाले, "डावी कड?"

"डावी कड," सर म्हणाले.

चहा गार होईपर्यंत प्रिंटर जमिनीवर उघडून पडला होता. आतल्या एका रबरी चाकाला चीर गेलेली होती. बाबांनी ते चाक सरांच्या नाकासमोर नाचवलं. "वीस मिनिटांचं काम! समास वाढवायची गरजच नव्हती!"

"बारा वर्षं आणि वीस मिनिटांचं," सर म्हणाले.

एवढं झाल्यावर समासाचा प्रश्न मिटला असेल असं कुणालाही वाटेल. तो मिटला नाही. सरांचं म्हणणं, चीर गेलेली चाकं जगभर असणार. बाबांचं म्हणणं, म्हणून काय बारीक पुस्तकांनी भोगायचं? आणि आता गंमत अशी झाली की दोघं एकाच सोफ्यावर बसून, मांडीवर एकेक लॅपटॉप घेऊन, एकमेकांना मेल पाठवायला लागले. मी विचारलं, "अहो, तोंडाने बोला ना!"

"तोंडाचं रेकॉर्ड राहत नाही," बाबा म्हणाले.

"आणि लिंक लागत नाही," सर म्हणाले.

मेल पाठवायचा, शेजारच्याने "आला" म्हणायचं, वाचून "अस्सं?" म्हणायचं, आणि पुन्हा खोलीभर टकटक. असे तीन रविवार गेले. बुकटॅगच्या पानावर इतक्या लिंका झाल्या की माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई रोज डबा खाताना ते वाचायला लागल्या.

चौथ्या रविवारी आई पलीकडच्या खुर्चीत कुठलंसं मासिक वाचत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, ज्याला जेवढा हवा तेवढा समास ठेवू द्या की. प्रत्येक ग्रंथालयाला विचारायचं, दोन हवा की तीन. एवढं काय त्यात?"

दोन्ही लॅपटॉपवरची टकटक थांबली.

बाबांनी सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे बघितलं. एकवीस वर्षांत, भांडणाआधीची नऊ धरून, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"करता येईल तसं," सर हळूच म्हणाले.

"मी तेच सुचवणार होतो," बाबा म्हणाले.

दहा दिवसांनी बुकटॅगची नवी आवृत्ती निघाली. समास ज्याचा त्याने ठरवावा. घोषणेच्या मेलवर दोघांच्या सह्या होत्या. संध्याकाळी आईंनी मला पान उघडायला लावलं, ओळीवर स्वतः क्लिक केलं आणि मेल वाचला. "प्रदीर्घ चर्चेअंती," असं त्यात होतं, "दोन्ही निर्मात्यांनी एकमताने हा मार्ग शोधून काढला."

"दोन्ही निर्मात्यांनी," आई म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं की तक्रार कुठे नोंदवायची. मी पत्ता दिला, स्पेलिंग नीट बघून. आईंनी आयुष्यातला पहिला मेल एका बोटाने लिहिला. आजही तो बुकटॅगच्या पानावर सगळ्यात वर आहे, लिंक मी स्वतः लावली आहे. "समासाची सूचना माझी होती. नोंद दुरुस्त करावी. दुरुस्त होईपर्यंत रविवारी चहा मिळणार नाही."

सरांची माफी चार मिनिटांत आली. बाबांनी त्यावर एकसष्ट ओळींचा खुलासा पाठवला आहे. आई तो सवडीने वाचणार आहेत.